तारेच्या वेटोळ्यातील वीज
आज प्रयोगशाळेत आमच्या गटाने तांब्याच्या तारेचे वेटोळे स्वतः गुंडाळून ते गॅल्व्हानोमीटरला (सूक्ष्म विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडले, आणि त्यात पट्टीचुंबक आतबाहेर करताना काटा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सरकलेला पाहून मला मनापासून आनंद झाला. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होणे, मी पाठ केले होते. परंतु चुंबक कितीही शक्तिशाली असला तरी तो स्थिर धरताच काटा शून्यावर परततो आणि वेगाने हलवला की विचलन वाढते, हे हाताने अनुभवल्याशिवाय पटले नसते. तारेच्या टोकांवरील एनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, खरवडण्याचे किचकट कामही (त्याशिवाय जोडणीतून वीज वाहतच नाही) मला आवडले. आता याच तत्त्वावर लहान जनित्र बनवून एलईडी पेटवण्याचा आमचा विचार आहे.