फोर्ड फील्ड: छत दोन्ही संघांचं असतं

डेट्रॉइटमध्ये दिएगो रिवेराची भित्तिचित्रं पाहिली, नदीकाठी उभं राहून पलीकडचं कॅनडातलं विंडसर पाहिलं. पण लिहायचंय ते १८ जानेवारी २०२५ च्या रात्रीबद्दल. अमेरिकन फुटबॉलचा सामना: वॉशिंग्टन कमांडर्स ४५, आमचे डेट्रॉइट लायन्स ३१. हंगामात लायन्सचे १५ विजय आणि फक्त २ पराभव, कॉन्फरन्समध्ये (लीगच्या आमच्या अर्ध्या भागात) पहिला क्रमांक, वर आठवडाभर विश्रांती. आणि प्लेऑफचा (बाद फेरीचा) पहिलाच सामना आम्ही घरच्या मैदानावर हरलो.

हे घरचं मैदान, फोर्ड फील्ड, २००२ साली उघडलं. हडसन्स या जुन्या दुकानाचं विटांचं गोदाम त्याच्या एका बाजूलाच सामावून घेतलंय. मैदान रस्त्याच्या पातळीपेक्षा खूप खाली आहे, त्यामुळे आत शिरल्यावर खालच्या जागांसाठी पायऱ्या उतराव्या लागतात. वर पक्कं छत, त्यामुळे आवाजाला बाहेर जायला वाट नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडू असला की प्रेक्षक ओरडतात आणि त्यांच्या क्वार्टरबॅकची (चाल सुरू करून पास टाकणाऱ्या खेळाडूची) हाक पाच हातांवरच्या खेळाडूलाही ऐकू येत नाही. मग ‘सायलेंट काउंट’ करावा लागतो: सेंटरच्या शेजारचा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण पाहतो, सेंटरला हात लावतो, आणि मग स्नॅप, म्हणजे सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. यात रांगेच्या टोकांना उभ्या टॅकलना सुरुवातीचा नेमका क्षण कळत नाही. एखादा आधी हलला की ‘फॉल्स स्टार्ट’चा दंड, पाच यार्ड मागे.

पण आवाजाचा फायदा एकतर्फी असला तरी वारा नसण्याचा फायदा दोन्ही संघांना सारखाच मिळतो, हे आम्ही लायन्सवाले विसरतो. बफेलो किंवा ग्रीन बेच्या उघड्या मैदानावर जानेवारीत लांबचा पास भरकटू शकतो, चेंडू दगडासारखा कडक होतो. इथे वारा नाही, बर्फ नाही, पायाखाली कोरडं कृत्रिम गवत. पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला याहून चांगली जागा कुठली? त्याने २९९ यार्ड पास केले आणि एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) दिलं नाही.

आमच्याकडून मात्र पाच वेळा चेंडू गेला. आमचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफची तीन इंटरसेप्शन्स आणि एक फंबल (हातातून सुटलेला चेंडू), शिवाय जेमसन विल्यम्सने ट्रिक प्लेमध्ये, म्हणजे फसव्या चालीत, टाकलेला पास. एकूण ५२१ यार्ड काढूनही हरलो, कारण चेंडू गमावल्यावर यार्डांना किंमत उरत नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये वॉशिंग्टनने २८ गुण केले. त्यातले सहा क्वान मार्टिनने गॉफचा पास अडवून थेट टचडाउन केल्याचे. नंतर त्यांच्या चौथ्या डाउनला (चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) मैदानावर अकराऐवजी आमचे बारा खेळाडू निघाले, आणि त्यांना फुकटचा पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न मिळाले. यात छताचा काडीचाही दोष नाही.

तरी मला बंद स्टेडियमच आवडतं, आणि ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांतल्या मराठी कुटुंबांनी मुलांना घेऊन यायचं तर जानेवारीत दुसरा पर्याय नाही. बाहेर शून्याखाली असताना आत स्वेटरही जड होतो, म्हणून एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ थर घाला. पाठपिशवी नेता येत नाही. १२ × ६ × १२ इंचांची पारदर्शक पिशवी चालते. तिकीट फोनवरच असतं आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा रांगेत फोन आतल्या खिशात ठेवा. पार्किंगच्या भावात न पडता लांब गाडी लावून पीपल मूव्हर या छोट्या शहरी रेल्वेने ग्रँड सर्कस पार्कला उतरा. तिथून चालत जाता येतं.

हार पचवायलाही उसंत मिळाली नाही. काही दिवसांतच आक्रमणाचे सूत्रधार बेन जॉन्सन शिकागो बेअर्सचे आणि बचावाचे एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. शिकागो तर आमच्याच गटात. म्हणजे जॉन्सनच्या नव्या चाली आता दर हंगामात दोनदा आमच्याविरुद्ध, आणि त्यातली एक लढत याच छताखाली.