ओगरला धरून ठेवायचं होतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. आमच्या टेबलावर एका मित्राने त्यात पहिलवानाचं कॅरेक्टर आणलं. तलवार नाही, ढाल नाही. मोकळे हात आणि ताकद १६. त्याची सगळी पार्श्वभूमी त्याने लिहून आणली होती. पहिल्याच लढाईत समोर ओगर, म्हणजे माणसाहून मोठा राक्षस, उभा राहिला, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, "मी त्याच्या कमरेला मिठी मारतो."

डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारी आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारी, मी होते. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची साडेतिसरी आवृत्ती, म्हणजे २००३ ची, खेळत होतो. मी पुस्तक उघडलं आणि खेळ थांबला. नियम असा आहे: खास कौशल्य घेतलेलं नसेल, तर धरायला येणाऱ्यावर समोरच्याला आधी एक फुकट वार मिळतो. तो वार लागला की प्रयत्न तिथेच फसला. चुकला, तर तुम्ही स्पर्शाचा हल्ला करायचा, म्हणजे नुसता हात लागतो का ते फाशाने बघायचं. तो जमला, तर दोघांनी फासे टाकून ताकद आजमावायची. त्यातही जिंकलात, तर त्याच्या चौकोनात शिरायचं, आणि मग कुठे पकड बसली. ओगरच्या सोट्याचा वार म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे अधिक ७, सरासरी १६. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या, फायटरकडे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची कुवत, जेमतेम १२ असतात. फुकट वार लागला. ओगरला हात लागायच्या आधीच आमचा पहिलवान जमिनीवर पडला.

मित्र काही बोलला नाही. खेळ संपल्यावर एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी तलवार घेतो."

ते मला फार लागलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या डोक्यातलं चित्र सुंदर होतं आणि नियमांनी ते टेबलावर येऊच दिलं नाही. घरी येऊन मी आकडे मांडले. फुकट वार चुकला असता आणि स्पर्शही जमला असता, तरी ताकद आजमावताना वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे त्याचे अधिक ४ आणि ओगरचे अधिक १२. या बारातले ४ तर नुसत्या आकारमानाचे. जिंकण्याची शक्यता १६.५ टक्के. हे कळल्यावर मी ठरवलं की पहिलवान आणि ओगर हीच जोडी घ्यायची आणि मिळतील तितक्या नियमांखाली एकटीने खेळून बघायची.

आधी मागे गेले. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ठोसे मारणं, धरणं आणि अंगावर कोसळून पाडणं यांच्या तीन वेगळ्या पद्धती आहेत, सगळ्या टक्क्यांच्या फाशांवर. दोन फेऱ्या कशाबशा खेळले आणि पुस्तक मिटलं. १९८९ ची दुसरी आवृत्ती मात्र मी आवडीने खेळले. तिथे हल्ल्याचा फासा एकदाच टाकायचा. तो लागला, तर फाशावरचा आकडाच तक्त्यातून डाव सांगतो. मानेची पकड, पायाची पकड, अस्वलमिठी, फेकणं. झटपट होतं आणि नावं वाचायलाही मजा येते. पण चौथ्या-पाचव्या फेरीला खटकायला लागलं. डाव मी निवडतच नव्हते, फासा निवडत होता. शिवाय प्रतिस्पर्धी अवघड असेल तर लागायला मोठाच आकडा हवा, म्हणजे तक्त्यातल्या लहान आकड्यांचे डाव त्याच्यावर कधीच पडणार नाहीत. पहिलवानाची अक्कल डाव निवडण्यात असते. तीच काढून घेतली तर उरतं काय?

२००८ ची चौथी आवृत्ती आणि २००९ चं पाथफाइंडर, म्हणजे त्याच धर्तीचा दुसरा खेळ, मी भराभर पाहिलं. दोन्हींनी पायऱ्या कमी केल्या, पाथफाइंडरने तर अशा सगळ्या झटापटींना एकच पद्धत दिली. पण मला हवं ते तिथे सापडलं नाही.

सापडलं ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि खरं सांगायचं तर आधी मला तो नियम फिका वाटला होता. एका हल्ल्याच्या जागी अंगबळाच्या कौशल्याचा, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सचा फासा, समोरच्याने अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सने (चपळाईने) उत्तर द्यायचं, एक हात मोकळा हवा, आणि प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा फार तर एका मापाने मोठा असावा. जिंकलात तर त्याचा वेग शून्य. बस, एवढंच. इजा नाही, गळा आवळणं नाही. पहिलवानाचे अधिक ५, ओगरचे अधिक ४. पकड बसण्याची शक्यता ५२.५ टक्के. बरोबरी झाली तर परिस्थिती होती तशीच राहते.

तिसऱ्यांदा ही लढाई खेळताना माझा हात थांबला. मी ओगरच्या बाजूने विचार करत होते. पकडीतून सुटायचं तर त्याला फेरीतली मुख्य कृती, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन खर्चावी लागते, म्हणजे त्या फेरीत सोटा चालत नाही. सोटा चालवला तर पकड तशीच राहते. पुढच्या फेरीत पहिलवानाने त्याला ढकलून पाडलं, तर वेग शून्य असल्यामुळे त्याला उठताच येत नाही. पडलेला ओगर मारतो तो दोन फासे टाकून लहान आकडा धरायच्या डिसअ‍ॅडव्हांटेजने, आणि जवळ उभे असलेले साथीदार त्याला मारतात ते मोठा आकडा धरायच्या अ‍ॅडव्हांटेजने. लांबून बाण मारणाऱ्याचं मात्र नुकसान, कारण पडलेल्यावर दुरून नेम धरणं अवघड. म्हणजे पाडायचं की नाही, हे पहिलवानाला धनुर्धराशी बोलून ठरवावं लागतं. आधीच्या नियमांनी सगळा कस पकड मिळवण्यावर लावला होता. इथे खरी कुस्ती पकड बसल्यावर सुरू होत होती, आणि दर फेरीला दोघांनाही काहीतरी ठरवावं लागत होतं.

२०२४ च्या नव्या नियमांवरही हीच जोडी लावली. आता पहिलवान फासा टाकत नाही. ओगरने सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा आणि त्याचे अधिक ४ धरून १३ किंवा जास्त आणायचे. पकड बसण्याची शक्यता ४० टक्क्यांवर येते, आणि सुटकेची शक्यता सुमारे ४३ वरून ६० वर जाते. धरलेल्याला इतरांवर हल्ला करताना डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो, ही भर उत्तम आहे; पहिलवान साथीदारांसाठी ढाल होतो. पण स्वतःच्या डावाचा फासा स्वतः टाकण्यातला थरार मला सोडवेना.

शेवटी मी टेबलासाठी नियम जुळवला. पाया २०१४ चा. साथीदारांना वाचवणारी ती भर २०२४ ची. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून एक गोष्ट घेतली: तिथे धरण्याचा प्रयत्न फारच वाईट फसला, तर समोरचा तुम्हालाच धरू शकतो किंवा पाडू शकतो. मी ते १० किंवा जास्त फरकाने हरल्यावर लावलं. ओगरसमोर असं होण्याची शक्यता साधारण ११ टक्के निघते. प्रतिडावाची भीती असल्याशिवाय डाव टाकताना छाती धडधडत नाही. आणि पकड असताना दुसऱ्यांदा जिंकलं, तर समोरचा पुरता दाबला जातो आणि हातवारे लागणारे मंत्र त्याला टाकता येत नाहीत. पाचव्या आवृत्तीत जादूगाराला घट्ट धरून ठेवलं तरी तो निवांत मंत्र टाकतो, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही.

हे सगळं एका कागदाच्या एका बाजूला मावेल एवढंच ठेवलं. दुसरी बाजू लागली असती, तर मी काहीतरी खोडलं असतं.

मग मित्राला फोन केला आणि पहिलवानाला पाचव्या आवृत्तीत नव्याने लिहून आण म्हणाले. तो आला. समोर पुन्हा ओगर ठेवला. पहिल्या फेरीत पकड बसली, दुसऱ्या फेरीत ओगर पाठीवर आदळला आणि टेबलावर एकदम आरडाओरडा झाला. माझी पाळी आली. सुटायचं की सोटा मारायचा? मी बराच वेळ गप्प होते. मित्र फासा मुठीत धरून माझ्याकडे बघत होता.

"मारतो," मी म्हणाले. दोन फासे टाकले, लहान आकडा होता ४.

"अजून धरून ठेवलंय मी," तो म्हणाला.