मायटोकाँड्रिया, ल्युपस आणि एचसीक्यूची गोळी

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. परळ-सायनच्या ओपीडीत ल्युपसची फाइल असलेल्या जवळपास प्रत्येकाला एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, लिहून दिलेली असते. ‘मलेरियाची गोळी मला कशाला?’ म्हणून ती बंद करणारेही बरेच. त्याचं उत्तर मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, आहे.

मायटोकाँड्रियाचे पूर्वज जिवाणू. त्यांचा डीएनए आजही जिवाणूसारखाच गोल आहे, १६,५६९ बेस-जोड्या आणि ३७ जनुकांचा. आवरणाच्या आत असेपर्यंत त्याचा त्रास नाही. आवरण फाटून तो पेशीरसात सांडला की सीगॅस हे प्रथिन त्याला पकडतं, स्टिंग या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि इंटरफेरॉन, म्हणजे संसर्गाचा इशारा देणारं रसायन, सुटू लागतं. पेशीबाहेर पडलेला डीएनए दुसऱ्या पेशीने गिळला, तर एन्डोसोममधला (गिळलेलं साठवणाऱ्या पिशवीतला) टीएलआर-९ हा जंतू ओळखणारा रिसेप्टर तो जिवाणूचा समजून वाचतो. ल्युपसमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हाच डीएनए, तोही ऑक्सिडाइज झालेला, जंतू पकडायच्या जाळ्यांसकट बाहेर फेकतात. त्याने इंटरफेरॉन वाढतं आणि इंटरफेरॉनमुळे आणखी न्यूट्रोफिल जाळी फेकायला तयार होतात. संसर्ग कुठेच नसतो, तरी दाह धुमसत राहतो.

एचसीक्यू एन्डोसोममध्ये साचते, तिथली आम्लता कमी करते आणि टीएलआर-९ आणि त्याच्याच जातीच्या टीएलआर-७ चं वाचन अडवते. इतर वाटा उघड्या राहतात, म्हणून आजार जोरात असेल तर ही एकटी पुरत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध थेट इंटरफेरॉनचा रिसेप्टरच बंद करतं.

डोस वजनावर ठरतो: किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत. ५० किलोच्या बाईला २५० बसतात, म्हणून एक दिवस २०० आणि दुसऱ्या दिवशी ३०० असं लिहितात. रोज ४०० घेतले तर वर्षांनंतर डोळ्याच्या पडद्याला धोका. पहिल्या वर्षात एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याचा स्कॅन) व व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कक्षेची तपासणी) करावं. किडनी कमजोर असेल तर ५ वर्षं न थांबता आधीपासूनच दरवर्षी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. बरेच जण नेमकी त्याआधीच सोडतात, याचं फार वाईट वाटतं. गरोदरपणातही ती सहसा चालूच ठेवतात.

ऊन टाळायला सांगतात त्याचं कारणही हेच: अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात आणि आतला ऐवज बाहेर पडतो. ढगांतूनही हे किरण येतात, त्यामुळे सनस्क्रीन जुलैतही लावायचं.

‘मायटोकाँड्रियासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल या गोळीची जागा घेत नाहीत.

एएनए प्रोफाइल या रक्ततपासणीत ‘एएमए-एम२’, म्हणजे मायटोकाँड्रियाविरुद्धची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह दिसली तर मात्र ते ल्युपसच्या खात्यात टाकू नये. ती अँटिबॉडी मुख्यतः पित्तनलिकांच्या आजाराची, प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिसची, खूण आहे. तेव्हा अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही यकृताची एन्झाइम्स रक्तात तपासून यकृताच्या डॉक्टरांना दाखवावं.