लांगझा ते कोमिक, आमांच्या मागून

सह्याद्रीत मी घड्याळ लावून चालते. कळसूबाई १६४६ मीटर, बारी गावातून किती वेळात वर पोचले याची प्रत्येक खेपेची नोंद माझ्या वहीत आहे. तीच सवय घेऊन सप्टेंबरमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला गेले आणि लांगझात पहिल्याच संध्याकाळी डोकं धरून बसले. स्पितीतलं मुख्य गाव काझा साधारण ३६५० मीटरवर, लांगझा ४४००. गाडीने वर आले आणि सामान टाकून लगेच बुद्धमूर्तीच्या टेकाडावर चढले, तेही भरभर. इतक्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के असतो, हे मी वाचलेलं होतं. वाचून उपयोग नसतो.

ज्यांच्याकडे उतरले होते त्यांना सगळे आमा म्हणत, म्हणजे आई. त्यांनी मला तंदूरजवळ बसवलं. धुराडं असलेली ही पत्र्याची चूल घराच्या मधोमध असते, आणि जळण म्हणून गोवऱ्या. त्या वासाने मला आजोळची चूल आठवली. "कल कहीं नहीं जाना, मटर छीलो," आमा म्हणाल्या.

दुसरा दिवस वाटाणे सोलण्यात गेला. आमांचा अंगठा शेंगेच्या शिवणीवरून एकदाच फिरायचा आणि दाणे परातीत पडायचे. घाई दिसत नव्हती, पण त्यांचा ढीग माझ्या तिप्पट. खिडकीत एक काळा गोल दगड होता, त्यावर शिंपल्यासारखा पिळा. अमोनाइट. हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्यातला हा दगड झालेला जीव. आमच्या देवघरातला शाळीग्राम याच कुळातला! तो कितीतरी वेळ मी हातात धरून बसले. दुकानात असे दगड विकत मिळतात; ते घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं. आमा कोमिकला लेकीकडे निघाल्या होत्या, मीही त्यांच्यामागे निघाले. पाठीवर टोपली, हातात माळ, ओठांत ओम मणि पद्मे हूँ. सुरुवातीला मला त्यांची चाल फारच मंद वाटली. मी पुढे जायची, धापा टाकत थांबायची, तोवर त्या शांतपणे मला ओलांडून जायच्या. चारपाच वेळा असं झाल्यावर मी मुकाट्याने त्यांच्या पावलात पाऊल टाकू लागले. एक पाऊल, एक श्वास. मग मागे च्वाच्वा कांग निल्दाचं पांढरं शिखर दिसलं, उतारावर चरणारे भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या, दिसले. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत आली की आमा ती उजव्या हाताला ठेवून जायच्या, वाट लांबली तरी. आपल्या प्रदक्षिणेसारखंच.

वाटेतल्या हिक्किम गावचं पोस्ट ऑफिस १९८३ सालचं, तिथून आईला कार्ड टाकलं. कार्ड लिहून होईपर्यंत आमा बाहेर उन्हात बसून राहिल्या.

कोमिकला, ४५८७ मीटरवर, तिबेटी बौद्धांच्या साक्य पंथाची तांग्युद गोम्पा, म्हणजे मठ, आहे. तिथे आमच्या वाटा फुटल्या. "जुले," आमा म्हणाल्या आणि त्याच चालीने निघाल्या. त्या लेकीच्या दाराशी पोचायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी तिथेच उभी होते.