अडीच पौंड

जुनी छोटी गाडी बाळगणाऱ्या माणसाचा सगळा खटाटोप काहीतरी वाढवण्यासाठी चाललेला असतो. हेडलाइट अधिक प्रखर हवेत, ब्रेक अधिक दमदार हवेत, इंजिनातून दोन-चार हॉर्सपॉवर जास्त निघाले तर हवेच आहेत. या सगळ्या खरेदीत एक वस्तू मात्र अशी आहे, जी आपण पदरमोड करून काहीतरी कमी करण्यासाठी आणतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या पेट्रोलचा दाब उतरवणारी डबी. मुठीत मावेल एवढा, दोन तोंडांचा, डोक्यावर एक स्क्रू आणि त्याचा लॉक नट. पेट्रोल एका तोंडातून रुबाबात आत शिरतं आणि दुसऱ्यातून निमूट बाहेर पडतं. गाडी त्यामुळे पळत नाही, दिसायला देखणी होत नाही, आणि बॉनेट उघडून दाखवलं तरी पाहुण्यांची नजर त्यावर ठरत नाही. मला तो म्हणूनच आवडतो.

गाडी मिनी. २६ ऑगस्ट १९५९ रोजी जगापुढे आलेली, ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली, जेमतेम तीन मीटर लांबीची. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, आणि उरलेल्या जागेत चार माणसं. पहिल्या मिनीचं इंजिन ८४८ सीसीचं आणि ३४ हॉर्सपॉवरचं होतं. एवढं इंजिन सगळा जोर लावून पळवलं तरी तासाला १०-१५ लिटरच्या पुढे पेट्रोल मागत नाही. मिनिटाचा हिशोब केला तर जास्तीत जास्त पाव लिटर. अशा अल्पाहारी इंजिनाला बाजारातला एखादा नवा इलेक्ट्रिक पंप जोडला, की तो त्याच्या कित्येक पट पेट्रोल ढकलायला तयार असतो, तेही पाच-सहा पौंडांच्या दाबाने. पौंड म्हणजे टायरच्या भाषेतले पौंड, चौरस इंचाला. टायरला २८-३० पौंड लागतात, त्यापुढे पाच-सहा म्हणजे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण जुन्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राला, अडीच-तीन पौंड पुरतात. तीन पौंड म्हणजे साधारण दोन मीटर उंच पाण्याचा दाब, एवढंच. टाकी माणसाच्या डोक्याच्या थोडी वर टांगली असती, तर पंपाशिवायही जवळपास काम भागलं असतं.

मला एक मित्र आहे. गाड्यांमधलं त्याला बरंच कळतं, आणि जे कळत नाही ते तो अधिक ठामपणे सांगतो. रेग्युलेटर हातात घेऊन त्याने पहिलं वाक्य टाकलं, "थोडं प्रेशर वाढव रे, पिकअप येईल." हा समज फार जणांचा आहे आणि तो मुळातच उलटा आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकलून इंजिनात जात नाही. इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यातून जाताना त्या हवेचा दाब पडतो, आणि जेटमधलं पेट्रोल त्या ओढीने वर येतं. पंपाचं काम शेजारच्या फ्लोट चेंबरपाशी, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीपाशी, संपतं. तिथे पेट्रोलची पातळी ठरलेल्या रेषेवर राहिली की झालं. गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा गोळा पाणी भरलं की नळ बंद करतो, तसाच इथे फ्लोट वर येऊन नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे छिद्र बुजवणारी टोकदार सुई, मिटवतो. कार्ब्युरेटरला पातळी कळते, दाब कळत नाही.

आता त्या नीडलची अवस्था बघा. ज्या छिद्रावर ती बसते ते २ मिलिमीटरचं धरलं, तर तीन पौंडांचा दाब तिला साधारण साडेसहा ग्रॅम वजनाएवढ्या बळाने मागे रेटतो. समोरून फ्लोट आपल्या तरंगण्याच्या आणि छोट्याशा तरफेच्या जिवावर तिला दाबून धरतो. झुंज ग्रॅमांची आहे. पंपाने सहा पौंड आणले की साडेसहाचे तेरा ग्रॅम होतात, आणि तेवढं पेलायला फ्लोटला पेट्रोलमध्ये अधिक खोल बुडावं लागतं. म्हणजेच पातळी वर चढते. सुरुवातीला काही दिसत नाही. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल, थोडं जड होतं, प्लग काळे पडतात, गाडीजवळ उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो. आपण मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, नट फिरवून ते आयडलपुरतं झाकतो. मग एक दिवस फ्लोट हात टेकतो आणि चेंबरच्या झाकणाजवळच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून धार लागते.

मिनीत हे प्रकरण नुसत्या उधळपट्टीचं राहत नाही. तिच्या ए-सीरिज इंजिनात हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला आहे, माणसं बसतात त्या बाजूला, इंजिनामागच्या पत्र्याला चिकटून. कार्ब्युरेटर वर आणि धूर बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खाली. ओव्हरफ्लोची नळी जागेवर नसेल, फुटली असेल, तर पेट्रोल कुठे ठिबकेल हे सांगायला नको. दोन-तीन पौंडांवरून एवढा ऊहापोह कशाला, या प्रश्नाचं उत्तर तिथे, त्या तापलेल्या लोखंडावर आहे.

गंमत अशी, की जुन्या लोकांनी हा प्रश्न रेग्युलेटरशिवाय सोडवून ठेवला होता. पुढच्या काळातल्या मिनींमध्ये इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात पोचणार नाही अशा बेताने, एक यांत्रिक पंप बसवलेला असतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याची दांडी हलवतो. मला बराच काळ वाटायचं, ही दांडीच पेट्रोल ढकलते. तसं नाही. दांडी फक्त डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, खाली ओढते आणि पेट्रोल आत घेते. पुढे ढकलण्याचं काम डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते, आपल्या सवडीने. तिकडे नीडल मिटली की स्प्रिंगला पुढे सरकायला जागा उरत नाही, डायफ्रॅम खालीच थांबतो आणि दांडी नुसतीच वाऱ्यावर हलत राहते. इंजिन कितीही वेगात फिरो, दाब स्प्रिंग ठरवेल तेवढाच. सुरुवातीच्या मिनींचा इलेक्ट्रिक एसयू पंपही त्याच वळणाचा. मागच्या सबफ्रेमला, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या सांगाड्याला, लटकलेला. चावी फिरवली की टक-टक-टक, मग सावकाश टक… टक…, आणि चेंबर भरलं की गप्प. गाडी उभी असताना तो टकटकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा तो हवा ओढतोय, हे चालकाला बसल्या जागी कळायचं. आजच्या पंपांच्या एकसुरी गुणगुणण्यातून असलं काही कळत नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. मूळ पंप धड असेल तर रेग्युलेटरच्या वाटेला जाऊ नये. अनेकजण तो रोग दडपायला लावतात. ओव्हरफ्लो होतंय? आधी फ्लोट काढा आणि कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवा, आतली हवा फुगते आणि बारीक बुडबुड्यांची माळ नेमकी भोकाची जागा दाखवते. मग नीडलचं टोक बघा. छिद्राच्या काठावर, म्हणजे सीटवर, सतत बसून तिथे गोल वळ उमटलेला असतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतो. व्हॉल्व्हमध्ये अडकलेला एखादा कणसुद्धा हेच सोंग आणतो. हे सगळं ठीक असून गाडी ओव्हरफ्लो होत असेल आणि पंप नव्या, दांडग्या जातीचा असेल, तर मात्र रेग्युलेटर हवाच.

त्याच्या पोटात काय आहे? पुन्हा एक डायफ्रॅम आणि पुन्हा एक स्प्रिंग. जुन्या पंपातून जी अक्कल आपण काढून टाकली, तीच वेगळ्या डबीत घालून परत विकत घेतो. वरचा स्क्रू स्प्रिंग दाबतो, स्प्रिंग आतला व्हॉल्व्ह उघडा ठेवते. कार्ब्युरेटरकडच्या बाजूचा दाब वाढला की तो डायफ्रॅमला उलटा रेटतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. कार्ब्युरेटरने घोट घेतला, दाब उतरला, की पुन्हा उघडतो.

बसवणं अवघड नाही, जागा शोधणं अवघड आहे. क्रम असा: टाकी, फिल्टर, पंप, रेग्युलेटर, कार्ब्युरेटर. अंगावर बाण असतो, तो कार्ब्युरेटरकडे. कार्ब्युरेटरच्या जितका जवळ तितका बरा, पण मॅनिफोल्डच्या वर कधीच नाही. मिनीत हे दोन नियम एकमेकांच्या छातीवर बसतात. चाकाच्या बाजूचा आतला पत्रा त्यातल्या त्यात सोयीचा. काही रेग्युलेटरना खाली फिल्टरची काचेची वाटी असते. कचरा साठलेला दिसतो, झकास दिसते, पण काच आणि पेट्रोल इंजिनाजवळ एकत्र नांदवायचं माझ्या जिवावर येतं. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मिनीचं इंजिन आडवं असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच आणि सोडताच ते पुढे-मागे झुलतं. रेग्युलेटर पत्र्यावर स्थिर आणि कार्ब्युरेटर झुलणारा. मधल्या होजला, म्हणजे रबरी नळीला, थोडी ढील दिली नाही तर ती रोज खेचली जाणार.

होजबाबत कंजुषी नको. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात आतून मऊ पडतं, त्याचे कण सुटतात. होजवर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आर-९ असा शिक्का बघून घ्यावा. क्लिप गोल, गुळगुळीत पट्टीची हवी. खाचांच्या पट्टीची क्लिप पातळ होजला कातरते. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, गाडी मोकळ्या हवेत ठेवायची, अग्निशामक नळकांडं हाताशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे धोका नाही" हा हिशोब उभ्या माणसापुरताच खरा असतो.

मग सेटिंग. काही स्वस्त रेग्युलेटरच्या चकतीवर १ ते ६ आकडे छापलेले असतात. त्यावर विसंबण्यापेक्षा गेज लावावं, तेही कमी दाबाचं. शंभर पौंडांच्या गेजवर अडीच पौंड म्हणजे काटा जागचा हललाच नाही असं दिसतं. स्क्रू पूर्ण सैल करून इंजिन चालू करायचं आणि अर्धा-अर्धा आटा आवळत जायचं. काटा आधी शून्यावर पडून राहतो, मग एकदम जागा होतो आणि थरथरू लागतो. ती पंपाची धडधड असते, बिघाड नव्हे. थरथरीचा मधला आकडा धरायचा. अडीचवर आला की लॉक नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो आणि काटा पावणेतीनवर जातो. मग पुन्हा सैल, पुन्हा आवळ. पेचकसाने स्क्रू धरून पाना फिरवायचा, आणि एक डोळा गेजवर. दोन हात अपुरे पडतात. अशा वेळी ठाम मतांच्या मित्राचा उपयोग होतो.

गाडी तापल्यावर पुन्हा बघावं. इंजिन बंद करूनही बघावं. जास्तीचं पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळी नसलेल्या रेग्युलेटरमध्ये पेट्रोल कार्ब्युरेटरची नीडल आणि रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कोंडतं, बॉनेटखालच्या उष्णतेने फुगतं आणि काटा अडीचच्या बराच वर चढलेला दिसतो. घाबरून स्क्रू फिरवायचा नाही, ते सेटिंग चुकल्याचं लक्षण नव्हे. मात्र गरम गाडी पुन्हा सुरू होताना कुरकुर करत असेल, तर या कोंडलेल्या घोटाचा संशय घ्यायला हरकत नाही.

सगळं जमल्यावर गेज मी कायमचं ठेवत नाही. तापलेल्या बॉनेटखाली गेजच आधी खोटं बोलायला लागतं, आणि माणूस इंजिन ऐकायचं सोडून काट्याशी भांडत बसतो. गेज काढलं की त्या भोकात बूच येतं. तिथे टेफ्लॉनची टेप गुंडाळायचा मोह होतो, तो टाळावा. टेपचा एखादा सुटा धागा वाहत जाऊन नीडलखाली अडकला, तर रेग्युलेटर अडीच पौंड धरून बसला असतानाही चेंबर ओसंडून वाहील. पेट्रोल चालणारं सीलंट आट्यांना लावायचं, वाळू द्यायचं, आणि पहिल्या लांबच्या फेरीनंतर थंड इंजिनावर सगळ्या क्लिपांवरून पुन्हा एकदा पेचकस फिरवायचा.