आंचवायला शब्द आहे, जेवणाआधीच्या हात धुण्याला नाही

मराठी घरात जेवण संपलं की माणूस आंचवायला उठतो. हात धुणं, चूळ भरणं, ओठ पुसणं हे सगळं त्या एका शब्दात येतं. जेवणाआधीच्या हात धुण्यासाठी रोजच्या बोलण्यात असा वेगळा शब्द नाही. 'हात धुऊन या, पानं वाढलीत' एवढंच म्हणतात, आणि पुष्कळदा ते धुणं म्हणजे बोटांवरून पाणी सोडणं असतं.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, म्हणजे २०१८ साली, शौचानंतर साबणाने किंवा डिटर्जंटने हात धुतो असं सांगणारी कुटुंबं सुमारे ७४ टक्के होती. जेवणाआधी साबण लावणारी जेमतेम ३६ टक्के. सुमारे ६० टक्के कुटुंबं जेवणाआधी नुसत्या पाण्यावर भागवत होती. म्हणजे हात धुवायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते साबणापाशी, आणि तेही नेमकं जेवणाआधी.

याचं कारण समजण्यासारखं आहे. मिसळ खाऊन उठलं की बोटांवर लाल तवंग असतो, नखात मसाला असतो, हाताला वास असतो. धुतल्याशिवाय चैन पडत नाही. खाण्याआधी तोच हात डोळ्यांना स्वच्छ दिसतो. पण डोळ्यांना दिसणं हा हाताच्या बाबतीत फसवा पुरावा आहे. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला हेच उमगलं. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येणारे डॉक्टर हात धूतच होते, पण धुतल्यावरही हाताला वास राही. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागातल्या शंभर बाळंतिणींमागे १८ दगावत होत्या, जूनमध्ये तो आकडा २ च्या आसपास आला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्धही झाला नव्हता.

तांब्याची अडचण

आपल्या पद्धतीतली एक उणीव तांब्यात आहे. मोरीवर उभं राहून उजव्या हाताने तांब्या धरला की डावा हात एकटा पडतो. दोन्ही हात एकमेकांवर घासायला मोकळे राहत नाहीत, त्यामुळे धुणं नुसतं विसळण्यावर येतं. शिवाय तांब्याचा गळा न धुतलेल्या हाताने धरलेला असतो आणि धुतलेला हात पुन्हा तिथेच जातो.

इतर समाजांनी ही अडचण आपापल्या परीने सोडवली आहे. ज्यूंच्या घरात पाव खाण्याआधी हातांवर पाणी घालायचं भांडं दोन कड्यांचं असतं. एक कडी धरून आधी उजव्या हातावर पाणी, मग दुसऱ्या कडीने डाव्यावर. इथिओपियात इंजेरा, म्हणजे तिथली आंबवलेली पोळी, खायला बसण्याआधी घरचं कुणीतरी सुरई आणि तस्त घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी ओततं. आपल्याकडे पंगतीत तांब्या-तस्त फिरायचं त्याचाही हाच फायदा होता: ओतणारा दुसरा, म्हणून धुणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. जपानमध्ये देवळाच्या दाराशी पाण्याचं कुंड आणि लांब दांड्याची पळी असते. पळीभर पाण्यात आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ, पुन्हा डावा हात. शेवटी पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू देतात, म्हणजे पुढच्याला दांडा स्वच्छ मिळतो. आपल्या घरात हेच काम नळाच्या मुठीचं आहे. मळक्या हाताने नळ उघडतो आणि धुतलेल्या हाताने बंद करतो. हाताला फेस असतानाच मुठीवर एकदा बोटं फिरवावीत आणि शेवटी तिच्यावरही ओंजळभर पाणी टाकावं.

या रीतींकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यूंच्या रीतीत पाणी घालण्याआधीच हात स्वच्छ असावे लागतात, अंगठीही काढायची असते. इस्लाममधल्या वुज़ूत, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या रीतीत, पाणी कातडीला भिडलं पाहिजे, म्हणून नखांवरचं पॉलिश किंवा चिकटलेली कणीक आधी काढावी लागते. म्हणजे शुद्धी वेगळी आणि मळ काढणं वेगळं हे त्या परंपरांनी स्वतःच मानलं आहे. नाशिकच्या पंचवटीतल्या रामकुंडावरचं स्नान आणि आचमन हे श्रद्धेचं आहे, त्या श्रद्धेचा पूर्ण मान ठेवूनच सांगते: नदीच्या पाण्याने धुतलेले हात जेवायला धुतलेले धरू नयेत. घाटावरून वर आल्यावर प्रसादाला हात लावण्याआधी नळाचं पाणी आणि साबण हवाच.

वीस सेकंदांत काय करायचं

हात मनगटापर्यंत ओले करा. पाणी गारच चालतं. साबण गार पाण्यातही काम करतो, कोमट पाणी फक्त सोसायला बरं. नळ बंद करा किंवा तांब्या खाली ठेवा. साबण लावून आधी तळव्यावर तळवा. मग एका हाताच्या पाठीवर दुसरा तळवा ठेवून बोटं बोटांत, दोन्ही बाजूंनी. मग तळवे समोरासमोर धरून बेचक्या. वुज़ूतही बोटांच्या बेचक्यांत ओलं बोट फिरवतात, ती सवय फार चांगली आहे. मग बोटं आकड्यासारखी वाकवून त्यांच्या पाठी दुसऱ्या तळव्यावर घासा.

आता अंगठा. बहुतेकांचा सुटतो तो हाच. तो दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवावा लागतो, नुसते तळवे घासून त्याच्या मुळापर्यंत फेस पोचत नाही. शेवटी पाचही बोटांची टोकं एकत्र करून दुसऱ्या तळव्यावर गोल गोल खरवडायची, म्हणजे नखांखाली फेस शिरतो. घास आपण अंगठा आणि बोटांच्या टोकांनीच उचलतो. जो भाग सर्वांत जास्त सुटतो तोच थेट तोंडात जातो, ही आपल्या हाताने जेवण्यातली जोखीम आहे. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा उजवा अंगठा डाव्या मुठीत नीट फिरलाच पाहिजे.

घासायला वीस सेकंद लागतात. बेचा पाढा सावकाश दोनदा म्हटला की तेवढे होतात. जागतिक आरोग्य संघटना ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत सगळं मिळून ४० ते ६० सेकंद धरते. बांगड्या कोपराकडे सरकवा, अंगठी काढा किंवा तिच्याखाली फेस फिरवा. मनगटावरचा ओला लाल दोरा दिवसभर मळ धरून ठेवतो, तो जरा वर सरकवावा.

साबण कोणता

साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलाला धरणारं टोक तळहातावरच्या स्निग्ध थरात घुसतं आणि त्यातल्या मळासकट जंतू सुटे करून पाण्याबरोबर नेतं. काही विषाणूंचं बाहेरचं वेष्टणच मेदाचं असतं, ते फुटूनच जातं. यासाठी साबणात जंतुनाशक असायची गरज नाही. कराचीतल्या वस्त्यांमधला जो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हात धुण्याची सवय लावलेल्या घरांतल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांचा जुलाबाचा त्रास निम्म्याहून खाली आला. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून काढायला लावले. जाहिरात पाहून जास्त पैसे मोजू नका.

वेष्टणावरचा टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण मेदाचा आकडा, मात्र बघा. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६० असतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ४० टक्क्यांपर्यंतही चालतो. दिवसातून आठ-दहा वेळा हात धुणाऱ्याच्या बोटांना भेगा पडल्या की तो धुणंच टाळायला लागतो, म्हणून जास्त टीएफएमची वडी परवडते.

गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं तिथे फेस लगेच होतो. बोअरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत आणि मळ्यांत मात्र वडी घासून घासून हात दुखतात. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं; त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरा चिकट साका करतं, बेसिनवर बसतो तोच. अशा ठिकाणी डिटर्जंटवर बनवलेलं पातळ हँडवॉश घ्यावं, त्याचा साका होत नाही. वडी वापरायची तर जाळीच्या साबणदाणीत. खाली पाणी साचलं की वडी लिबलिबीत होते आणि लोक हात लावायला कंटाळतात.

साबण नसेल तेव्हा काय, हा प्रश्न खेड्यांत अजून आहे. चुलीची राख घासायला चालते, ती विस्तवातून आलेली असते आणि तिच्यात क्षार असतो. माती नको. अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात.

पुसणं

इथे आपण सर्वांत जास्त चुकतो. ओल्या हाताला जंतू पटकन चिकटतात आणि ओल्या हातावरून पटकन दुसरीकडे जातात. इतकं नीट धुतल्यावर बेसिनशेजारच्या, दोन दिवस ओल्याच असलेल्या नॅपकिनला हात पुसला की केलेलं वाया. पदर, ओढणी, पँटचं बूड यांचंही तेच. स्वयंपाक करणाऱ्याचा पंचा वेगळा असावा, रोज बदलावा, धुऊन उन्हात वाळवावा. कोरडा पंचा नसेल तर हात झटकून हवेवर वाळू द्या.

स्वयंपाकघरात हात कुठे महत्त्वाचा

भाकरी थापताना परातीतल्या पाण्यात हात पुन्हा पुन्हा बुडतो, पण ती भाकरी पुढे तव्यावर आणि विस्तवावर जाते. काळजी घ्यायची ती चुलीवर न जाणाऱ्या पदार्थांची: कोशिंबीर, लिंबू पिळणं, ताक घुसळून बोटाने चव पाहणं, वाटणाला लावलेलं शेवटचं बोट. मिसळीच्या गाड्यावर रस्सा उकळता असतो, तो सुरक्षितच. जोखीम वरून टाकलेला कांदा, शेव, कोथिंबीर आणि दही यांत असते, कारण ते चिमटीने टाकलं जातं आणि त्याच चिमटीने सुटे पैसेही दिले जातात. गाडा चालवणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: पैसे घेणारा हात आणि कांदा टाकणारा हात एकच ठेवू नका. दोन माणसं नसतील तर कांद्याला चमचा ठेवा. हातमोजा घालून पैसे घेतले तर मोज्याचा काही उपयोग नाही.

सॅनिटायझर

तुर्कस्तानात पाहुणा आला की त्याच्या तळहातावर कोलोन्या, म्हणजे सुगंधी पाणी, ओततात. तिच्यात साधारण ८० टक्के अल्कोहोल असतं. रीत छान आहे, पण अल्कोहोलला मर्यादा आहेत. हात मळका किंवा तेलकट असेल तर ते जंतूंपर्यंत पोचत नाही. उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा नाही. सिंहस्थात लाखो माणसं एकाच वेळी अन्नछत्रांत जेवतील, तेव्हा तिथे सॅनिटायझरच्या बाटल्यांपेक्षा नळ आणि साबण हवेत, आणि ते पंगतीत शिरण्याच्या वाटेवर. फक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवले तर सगळे आंचवतील आणि जेवणाआधी कुणीच धुणार नाही.

मळ्यात, नळ नसेल तिथे

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं काढताना आणि फवारणीच्या दिवसांत माणसं बांधावरच भाकरी सोडतात. हाताला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचा, निळसर थर असतो, औषधांचा अंश असतो. फवारणी झाल्यावर मोजे घातलेले असतानाच साबणाने धुवावेत, मग काढावेत, मग हात धुवावेत.

यासाठी पाच लिटरचा कॅन पुरतो. तापवलेल्या खिळ्याने झाकणाखाली, पुढच्या बाजूला एक बारीक भोक पाडा. दोन खांब रोवून आडव्या काठीवर कॅन मुठीने लटकवा. कॅनच्या गळ्याला दोरी बांधून ती खाली जमिनीवर टेकलेल्या काठीला जोडा. काठी पायाने दाबली की कॅन वाकतो आणि धार पडते. नळाला हात लावावा लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणजे तांब्याची अडचणही सुटते. पाणी भोकाच्या जरा खालपर्यंतच भरायचं, नाहीतर ते सतत ठिबकून संपतं. भोक मोठं झालं तरी तेच होतं. खाली खडी टाका, चिखल झाला की कुणी जवळ जात नाही.

वडी उन्हाने तडकते, पावसाने विरघळते, कावळाही पळवतो. त्यापेक्षा दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्याची पावडर घालून पाणी भरा, हलवा, झाकणाला भोक पाडा आणि बाटली त्याच खांबाला बांधा. बाटलीवर ठळक अक्षरांत 'हात धुण्याचे' असं लिहा, कारण बांधावर शेजारीच पिण्याच्या पाण्याची तशीच बाटली ठेवलेली असते.