आमची वाटचाल : पोकळ गिटारी, मिरजेची कानस आणि ते छत्तीस खोके

"चायनाच्या गिटारवर एवढा खर्च कशाला?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर २००९ पासून विचारला जातो. तोंडी उत्तर देऊन देऊन दमलो, म्हणून लिहून काढतो आहे. दुसरंही कारण आहे. २०१७ साली आमच्याबद्दल बाजारात जे बोललं गेलं ते काही जणांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. काय घडलं ते एकदा आमच्याकडूनही कळू दे.

मूळ धंदा वडिलांचा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. ऑर्केस्ट्रावाले, मेळेवाले, गणपती मंडळं, सगळ्यांचे ॲम्प आमच्याकडे यायचे. ॲम्पच्या पाठोपाठ गिटारही यायची, कारण खरखर ॲम्पची नसून गिटारच्या जॅकची आहे हे आम्हीच शोधून द्यायचो. मी नववीत असल्यापासून सोल्डरिंग करतो. वायरी, पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण), कपॅसिटर यातलं मला कळत होतं. लाकडातलं काहीही कळत नव्हतं. ते दुकानात आलं चाचांबरोबर.

चाचा मिरजेचे, सतारमेकर गल्लीतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरा. जवाऱ्या काढायला, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा घासून आवाज जुळवायला, महिन्यातून एकदा पुण्यात यायचे आणि टेकायला जागा म्हणून आमच्या पोटमाळ्यावर बसायचे. एकदा माझ्या टेबलावर एक हॉलोबॉडी, म्हणजे आतून पोकळ इलेक्ट्रिक गिटार, पडली होती. गिऱ्हाइकाला तिचे पिकअप (तारांचा आवाज पकडून ॲम्पकडे पाठवतात ते) बदलून हवे होते. चाचांनी ती उचलून मांडीवर घेतली, पाठीवर पेरानं दोनदा टकटक केलं, तार छेडली, कान लावला आणि म्हणाले, "पेटी चांगली आहे. हिची जवारी कुणी काढलीच नाही."

पिकअप तसेच राहू दिले. चाचांनी प्लॅस्टिकचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, काढून हाडाचा बसवला आणि सहा खाचा कानशीनं एकेक करून उतरवल्या. दर दोन-चार घाशांनंतर तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरली ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल एवढीच उरली की थांबायचं. खाच मागच्या बाजूला उतरती हवी, तार पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. सतारीच्या घोडीवर आयुष्यभर हेच केलेला माणूस होता तो. सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली. गिऱ्हाईक आलं, वाजवलं आणि म्हणालं, "पिकअप भारी आहेत, कुठले टाकलेत?"

आमचं दुकान उभं राहिलं ते त्या संध्याकाळी.

वाजवणाऱ्यांना माहीत असलेली एक गोष्ट तरीही सांगतो, कारण तीच लोक आम्हाला ऐकवतात: "आत प्लाय आहे हो." हो, आहे. गिब्सननं १९४९ साली ईएस-१७५ बाजारात आणली तीही लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवलेल्या, मेपलचीच होती, आणि जाझवाल्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाजल्या. १९५८ च्या ईएस-३३५ चं वरचं-खालचं पानही लॅमिनेटच, फक्त मधे मेपलचा ठोकळा. बीटल्समधल्या तिघांच्या हातात जी एपिफोनची कॅसिनो होती ती सगळीच पोकळ आणि लॅमिनेटेड. शिवाय आपल्या हवेत प्लाय ही अडचण नाही, सोय आहे. जुलैत अखंड लाकडाचं पान फुगतं, मे महिन्यात आकसतं. थरांचं पान त्या मानानं जागचं हलत नाही. आयबनेझची आर्टकोर मालिका २००२ मध्ये चीनमधून यायला लागली, २०१६ मध्ये ग्रेचची स्ट्रीमलायनर इंडोनेशियातून आली, आणि साध्या नोकरदार माणसाच्याही हातात पोकळ गिटार पडली. या गिटारींची पेटी, मान, चिकटकाम मशीनवर होतं आणि बऱ्यापैकी नीट होतं. राहतं ते माणसानं करायचं शेवटचं हातकाम. नट, फ्रेटची टोकं, ब्रिजचा (गिटारच्या घोडीचा) पाया, वायरिंग. त्या किमतीत एवढा वेळ द्यायला कारखान्याला परवडत नाही. तो वेळ आम्ही देतो, आणि पैसे घेतो ते त्याचेच.

वायरिंगचं काम मला आजही सगळ्यात आवडतं. सॉलिड गिटारला मागे झाकण असतं, ते उघडलं की सगळं समोर. हॉलोबॉडीला झाकण नाही. चार पॉट, स्विच, जॅक हे सगळं एफ-होलमधून (पेटीवरच्या f आकाराच्या भोकातून) बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत घालायचं. त्यासाठी आम्ही मेडिकलच्या दुकानातून सलाइनची नळी आणतो. प्रत्येक पॉटच्या दांडीवर नळीचा तुकडा घट्ट बसतो. पॉटचा पेच सोडायचा, पॉट आत ढकलायचा आणि नळीचं दुसरं टोक बाहेर धरून ठेवायचं. नवं हार्नेस (वायरिंगचा अख्खा जुडगा) आधी पुठ्ठ्यावर जोडून, सोल्डर करून, ॲम्पला लावून तपासायचं. पुठ्ठ्यावर गिटारच्या पोटाचा नकाशा आणि भोकं हुबेहूब काढलेली असतात. मग नळ्या नव्या दांड्यांवर चढवायच्या आणि एकेक हळूच ओढत आपापल्या भोकातून वर आणायच्या. जॅक सगळ्यात शेवटी. आत एखादा सांधा सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. मूळ पॉटवर ५०० के लिहिलेलं असतं, पण मीटर लावला की पुष्कळदा ४०० च्या आसपास दाखवतो आणि आवाज झाकोळलेला येतो. सीटीएस कंपनीचे मोठे पॉट टाकायचे असतील तर आधी एफ-होलची रुंदी मोजून घ्या. भोकं मिलिमीटरच्या मापाची असतात, ती रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) वाढवावी लागतात. रीमर आधी उलटा फिरवायचा, म्हणजे पॉलिशचा टवका उडत नाही. हे मी तीन गिटारी खराब करून शिकलो आणि तिन्ही भरून दिल्या.

२०१० ते २०१६ काम वाढत गेलं. दोन मुलं कामाला ठेवली, पोटमाळ्याचं वर्कशॉप झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

आता २०१७.

तोवर आम्ही गिऱ्हाइकानं आणलेली गिटारच दुरुस्त करायचो. मी ठरवलं की आपणच माल मागवायचा, सेटअप करून, तयार करून विकायचा. छत्तीस हॉलोबॉडी, शिसवी फिंगरबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटं दाबायची पट्टी शिसवीची. पतसंस्थेचं कर्ज काढलं, बायकोच्या पाटल्या ठेवल्या. क्लिअरिंगचं, म्हणजे बंदरातून माल सोडवायचं, काम ज्या एजंटनं घेतलं तो माणूस वर्षानुवर्षं या लाइनीत होता. त्याला मी स्वतः विचारलं, "लाकडाचे काही कागद लागतील का?" तो म्हणाला, "गिटारला कसले कागद? निवांत रहा."

२ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या जातीच्या सगळ्या लाकडावर आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. परवान्याशिवाय ते विक्रीसाठी देशाची सीमा ओलांडू शकत नव्हतं, आणि त्यात तयार वाद्यंही आली. आमचे खोके फेब्रुवारीत बंदरात उतरले. लाकूड नियमाच्या आधीचं आहे, असा दाखला तिकडच्या सरकारी खात्याकडून हवा होता. तो पाठवायला माल विकणाऱ्यानं जुलै उजाडवला. मधल्या काळात गोदामाचं भाडं रोज चढत होतं. एजंट आधी "उद्या, परवा" करत होता, मग फोन उचलेना, आणि शेवटी त्याच्या ऑफिसातला मुलगा मला म्हणाला, "साहेबांनी तुमचं काम सोडलंय." सोडलंय! माझं काम, माझे पैसे, माझे खोके, आणि हा सोडणारा कोण? मी चार महिने आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडून जात होतो. त्यातच १ जुलैला जीएसटी आला, तो वाद्यांवर २८ टक्के होता. नोव्हेंबरात तो १८ वर आला, पण आमचा माल सुटला जुलैअखेर. ते दहा टक्के आजही मला बोचतात.

खोके दुकानात आले त्या दिवशी पाऊस कोसळत होता. पहिला उघडला आणि तळघरासारखा वास आला. एफ-होलच्या कडेनं हिरवट पांढरी बुरशी. तारा गंजलेल्या, स्विच दाबला तर आवाजच नाही. छत्तीसपैकी अकरांवर बुरशी, चारांचे सांधे उघडलेले. बायको शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन जुने पंचे घेऊन आली आणि पुसायला बसली.

चाचांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते मिरजेहून हजर. चाळीस दिवस राहिले, हातखर्चाशिवाय एक पैसा घेतला नाही. पहिल्यांदा त्यांनी आम्हाला थांबवलं. "उन्हात ठेवायची नाही, हीटर लावायचा नाही. भिजलेल्या लाकडाला घाई केली की ते सूड घेतं." आम्ही प्लायचं एक मोठं कपाट केलं, खाली ४० वॉटचे दोन बल्ब, दारात आर्द्रता मोजायचं घड्याळ. काटा ५० वर स्थिर झाल्यावर तीन आठवडे गिटारी त्यात टांगल्या. त्यानंतर बुरशी स्पिरिटनं पुसली, सगळं वायरिंग काढून नवं घातलं, फ्रेट घासून समतल केले, नट नवे.

एकवीस गिटारी विकण्याजोग्या झाल्या. प्रत्येकीच्या मानेला चिठ्ठी बांधली: ही गिटार गोदामात अडकली होती, तिचं अमुक अमुक काम केलं आहे, दोन वर्षांची जबाबदारी आमची. उरलेल्या पंधरा आम्ही विकल्या नाहीत. सुटे भाग काढून ठेवले.

आणि तरीही आमच्याच लाइनीतल्या एका मोठ्या दुकानातून बोललं जाऊ लागलं की "ते भिजका माल रंगवून विकतात." चिठ्ठी आम्हीच लिहिली होती, म्हणून त्यांना बोलायला मिळालं. गणपती ते दिवाळी ऐन सीझनमध्ये आमच्याकडे दिवसाला एक माणूस फिरकत नव्हता. ज्या पोरांना मी फुकटात तार लावून दिली होती, ती समोरून मान वळवून जायची. त्या दुकानाचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही घेणार नाही. पण विसरलोही नाही.

त्या दिवसांत अंकल आले. अंकल म्हणजे कॅम्पातले आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मूळ गोव्याचे, तरुणपणी मुंबईत बँडमधून आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेलं. २०१० साली त्यांच्या आयबनेझ एएफ-७५ चा ब्रिज मी बसवून दिला होता. त्या गिटारीचा ब्रिज पोटावर नुसता टेकलेला असतो. पोटाला बाक, ब्रिजचा पाया सपाट, म्हणजे मधे हवा. पोटावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवायचा, पायाला पेन्सिल फासून काळा करायचा आणि पुढे-मागे घासायचा. जिथे काळं उरतं तिथे तो अजून टेकलेला नाही. काळं सगळं जाईपर्यंत घासत राहायचं. तेव्हा अंकल दोन तास स्टुलावर बसून ते बघत होते आणि जाताना म्हणाले होते, "इतकी वर्षं वाजवतोय, पण गिटारला पाय असतात ते आज कळलं बाबा."

तर २०१७ च्या ऑक्टोबरात ते आले, चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि सगळ्यात जास्त काम केलेली गिटार उचलली. "ही माझी." मी म्हटलं, अंकल, तुमच्याकडे आहे की चांगली. त्यांनी पैशांचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि आणखी दोन गिटारींचे पैसे आगाऊ दिले. "वाजवणारे मी आणतो. तू काम कर." त्या नाताळात त्यांनी चर्चच्या कार्यक्रमात तीच गिटार वाजवली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला आमचा पत्ता दिला. मार्चपर्यंत एकवीसच्या एकवीस गेल्या. पाटल्या २०१९ मध्ये सुटल्या. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्या लाकडाच्या नियमातून सूटही मिळाली. तोवर कारखान्यांनी लॉरेल, जटोबा अशी दुसरी लाकडं वापरायला सुरुवात केली होती.

आता कुणी विचारलेलं नसताना सांगतो. गिटार घेताना पिकअपचं नाव बघू नका. ब्रिज बघा. तो पार खाली बसवलेला असूनही तारा उंच असतील तर मानेचा कोन चुकलेला आहे, ती गिटार फुकट मिळाली तरी नको. एफ-होलमध्ये मोबाइलचा उजेड टाका आणि आतल्या कडेची पट्टी सलग चिकटलेली आहे का ते बघा. जी ची तार सुरात लावताना ‘टक्‌’ असा आवाज आला तर नटमध्ये अडकते आहे, त्याला ट्यूनर बदलून उपयोग नाही. पहिला खर्च नट आणि फ्रेटवर, दुसरा वायरिंगवर. पिकअपचं मग सहा महिन्यांनी बघू, बहुतेक जण तोवर विसरतात. स्टेजवर शिट्टी मारत असेल तर ॲम्पसमोरून बाजूला सरका, एफ-होलमध्ये फोम बसवा. आणि पावसाळ्यात ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) फिरवायचाच असेल तर पाव फेरा, मग एक दिवस थांबा.

चाचांना आता प्रवास झेपत नाही. नटसाठी हाडाच्या पट्ट्या मिरजेहून एसटीच्या पार्सलनं येतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि प्रत्येक पट्टीवर सहा तारांच्या खुणा त्यांनी पेन्सिलनं केलेल्या असतात. मी दर वेळी कॅलिपर लावून तपासतो. आजवर एकही खूण चुकलेली नाही. माझी मुलगी आता खाचा उतरवते, चाचांच्याच कानशीनं.

अंकलची गिटार यंदा नोव्हेंबरातच आली. बोटं आखडतात म्हणून तारा एक नंबर पातळ हव्यात, शिवाय आणखी खाली हव्यात. तारा बदलल्या की नट पुन्हा करावा लागणार. मिरजेची पट्टी टेबलावर काढून ठेवली आहे, अंकल शनिवारी न्यायला येणार आहेत.